एका फेऱ्याला दोनदा

"आवाज कसला येतो?" मिस्त्रींनी विचारलं आणि मी तोंड उघडून तसाच उभा राहिलो.

दीड महिना तो आवाज मी रोज ऐकत होतो. गाडी लावून घरात आलो तरी कानात चालूच असायचा. पण त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा जिभेवर एवढंच आलं, "पुढून येतो." ते त्यांना दिसतच होतं, कारण मी उजव्या पुढच्या चाकाशी उभा राहून बोट दाखवत होतो. काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणालो, "घरघर होते हो."

घरघर होत नव्हती. तेव्हाही मनात कुठंतरी हे ठाऊक होतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि मिस्त्रींनी मान डोलावली होती. "बेअरिंग." त्यांच्या हाताखाली तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या, चक्कर मारून बघायला वेळ नव्हता. मीही आग्रह केला नाही. घरघर म्हणजे बेअरिंग, दोन शब्दांत निकाल. त्या दोन शब्दांनी मला पुढं तीन आठवडे फिरवलं.

खरं तर आवाजांच्या बाबतीत मराठी माणसानं अडखळायचं काही कारण नाही. खडखड वेगळी, खुळखुळ वेगळी. सैल झालेली वस्तू उघड्यावर आपटते ती खडखड; तीच एखाद्या पोकळीत कोंडली गेली की खुळखुळ. पाट्यांचं, म्हणजे गाडीखालच्या पट्टीच्या स्प्रिंगांचं, दबलेलं बुश कुरकुरतं. कोरडं लोखंड लोखंडावर घासतं तेव्हा करकर. दाते झिजले की घुंकार, आणि तो गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो. घरघर जड असते, सलग असते, तिच्यात खंड नसतो. टकटक मोजता येते. हा फरक फक्त शब्दांचा नाही. मोजता येणारा आवाज आणि न येणारा आवाज यांची कारणंच वेगळी असतात. हे मला शाळेतल्या मराठीच्या तासाला कळलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझा आवाज रातकिड्यासारखा होता. चिरीक्, चिरीक्, चिरीक्. जरा वेग वाढला की त्या चिरकांची एक बारीक साखळी व्हायची, आणि चाळीसच्या पुढं इंजिन, वारा, टायर या सगळ्यांच्या गोंगाटात ती मिसळली की कुणालाही घरघरच वाटली असती. मी तो नेहमी चाळीसच्या पुढं ऐकत होतो, हीच पहिली चूक.

गाडी जुनी आहे. पुढचा ॲक्सल अखंड, म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच लोखंडी नळकांडं, आणि त्यात एका अंगाला सरकलेला डिफरन्शलचा गोळा, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी दात्यांची पेटी. वर पाटे, टोकांना वळणारी चाकं. फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, हवं तेव्हा लावायचं; नको तेव्हा काढून टू व्हीलवर यायचं, मग जोर फक्त मागच्या चाकांना. चाकांच्या मधोमध हाताच्या पंजात मावेल एवढी एक गोल चकती असते, तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' असे दोन शब्द. फ्रीवर असली की चाक आपलं आपलं फिरतं, त्याला जोर पोचवणारा आतला दांडा, म्हणजे शाफ्ट, निवांत. लॉकवर आणली की चाक आणि शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीप साध्या लोकांच्या हाती आल्या तेव्हा अशा हबना, म्हणजे चाकाच्या मधल्या या जोडता-सोडता येणाऱ्या भागांना, मागणी आली. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये त्यांचाच धंदा सुरू केला. हेतू साधा होता. साध्या रस्त्यावर पुढचे शाफ्ट, डिफरन्शल, त्याला गिअरबॉक्सकडून जोर आणणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट हे सगळं लटांबर उगाच फिरवत कशाला न्यायचं?

त्या चकतीवरच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. ते पुढं येईलच.

बेअरिंगचं सांगायचं तर त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. चाक जॅकवर उचललं, वर आणि खाली हात धरून हलवलं तर खट् खट् असा बारीक खेळ, म्हणजे सैलपणा, लागत होता. इथं एक युक्ती आहे, आणि ती ज्यानं शोधली त्याला माझा नमस्कार. वर-खाली खेळ लागला की तो चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचा, हे हाताला कळत नाही. मग दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागचा वळणारा भाग एकजीव होतात, मधल्या बेअरिंगला हलायला वावच उरत नाही. खेळ गेला तर बेअरिंग. राहिला तर किंगपिन, कारण तो त्याच्याही मागं आहे. आडवे हात धरून हलवल्यावर लागणारा खेळ बहुधा स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकाचा असतो, ती निराळी गोष्ट. आमचा खेळ ब्रेक दाबल्यावर गेला. बेअरिंग बदललं. जुन्याच्या रोलरवर चट्टे होते, म्हणजे ते जायला झालंच होतं.

आवाज होता तसाच राहिला.

जे बेअरिंग निघालं ते निर्दोष नव्हतं, फक्त या गुन्ह्यात नव्हतं. आणि याच गोष्टीनं मला सगळ्यात जास्त चकवलं. जुन्या गाडीत जिथं हात घालाल तिथं काहीतरी सापडतंच. सापडलं की वाटतं, हेच. सापडलेला प्रत्येक दोष खरा असतो, त्यामुळे आपण चुकलो असं कधी वाटतच नाही.

नंतर मी जरा शहाणपणानं घ्यायचं ठरवलं. ज्यांच्या गाडीला असे हब आहेत त्यांच्या हातात आवाज शोधायचं एक फार चांगलं साधन असतं, आणि त्याला पाना लागत नाही. गाडी तीन अवस्थांमध्ये चालवायची. पहिली, दोन्ही हब फ्री आणि गाडी टू व्हीलमध्ये. यात पुढं फिरतं ते फक्त चाक, त्याचं बेअरिंग, ब्रेकचा ड्रम आणि टायर. दुसरी, हब लॉक पण गिअर टू व्हीलमध्येच. आता चाकं शाफ्टला ओढतात, शाफ्ट डिफरन्शलला, डिफरन्शल प्रॉपेलरला. सगळं फिरतं, पण कुणावर जोर नाही. तिसरी, हब लॉक आणि फोर व्हील लावलेलं, अर्थात मातीवर किंवा खडीवर. कोरड्या डांबरावर हे करायचं नाही. वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत जो फरक पडतो तो घसरून निघायला जागा मिळत नाही आणि ताण सगळा गिअरवर येतो. तिसऱ्या अवस्थेत तेच सगळं जोर लावून फिरतं. आवाज कुठल्या पायरीवर जन्माला येतो ते बघायचं. पहिलीतच असेल तर चाकापाशी, दुसरीत सुरू झाला तर शाफ्ट ते प्रॉपेलरच्या दरम्यान, तिसरीतच येत असेल तर जोराखाली उघडं पडणारं काहीतरी.

तिन्हीत येत होता. सारखाच.

दुसऱ्या अवस्थेत मात्र एक गोड गोष्ट कानावर आली. हब लॉक केल्याबरोबर पायाखालून क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचा, मंद घुंकार सुरू झाला. जुन्या विलीज जीपमध्ये क्राऊनला ३९ दाते आणि पिनियनला ८, तो ४.८८ चा प्रसिद्ध आकडा तिथून येतो. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदात जवळपास पाच फेरे घेतं. पाच गुणिले ३९, म्हणजे सेकंदाला १९५ वेळा दात दाताला भिडतो. पेटीवर मंद्र सप्तकातली पांढरी पाच सेकंदाला १९६ कंपनांवर बोलते. पन्नासवर गेलात की घुंकार पांढऱ्या सातच्या जरासा खाली येऊन थांबतो. मी गाणारा नाही, पण ज्या दिवशी हे गणित जमलं त्या दिवशी उगाचच चाळीस-पन्नास, पन्नास-चाळीस करत बराच वेळ हिंडलो. आवाज शोधायला निघालो होतो याचा पंधरा-वीस मिनिटं विसरच पडला.

असो. तिन्ही अवस्थांत आवाज, म्हणजे तो पहिल्या अवस्थेतल्या वस्तूंमधूनच येत असणार. तर्क बिनचूक होता. चाक, बेअरिंग, ड्रम, टायर. बेअरिंग नवं होतं. टायर पुढचे मागे केले, आवाज जागचा हलला नाही. ड्रम काढून मागचा पत्रा घासतोय का पाहिलं, नव्हता घासत. चाक जॅकवर घेऊन हातानं गरगर फिरवलं तर मुकाट. कान लावला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हबला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकलं. काही नाही. लेनेक या फ्रेंच डॉक्टरानं १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून छातीला लावली तेव्हा त्याला निदान ठोके तरी ऐकू आले.

उजव्या बाजूबद्दलही शंका घेऊन पाहिली. पोलादातून आवाज हवेच्या पंधरा पट वेगानं धावतो आणि फारसा विझतही नाही. अख्खा ॲक्सल म्हणजे आवाज वाहून नेणारी नळीच. त्यामुळे डाव्या टोकाचा आवाज उजवीकडे ऐकू येणं, ॲक्सलचा आवाज पाट्यांतून चढून डॅशबोर्डमागून ऐकू येणं, हे सगळं होतं. पण खिडकीतून डोकं बाहेर काढून दोन्हीकडे ऐकलं तर चिरीक् नि:संशय उजवीकडची होती.

मग आला मोठा संशय. पुढचं सगळं खरंच निवांत आहे ना? हब फ्रीवर असताना प्रॉपेलर फिरत तर नाही ना? हे तपासायला मी एक साधा दोरा घेतला. त्याचं एक टोक प्रॉपेलरला गुंडाळलं, दुसरं गाडीच्या सांगाड्याला बांधलं. शाफ्ट फिरला तर दोरा तुटेल. हब फ्री करून दोन किलोमीटर जाऊन आलो. वाकून पाहिलं तर दोरा शाबूत, गाठ जशीच्या तशी. म्हणजे पुढचा सगळा संसार झोपलेला आहे आणि आवाज चाकाचाच आहे. या दोऱ्यावर मी फार खूश होतो. आजही त्याच्यात काही खोट नव्हती असंच म्हणेन. दोऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. मी त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता.

आवाज मोजायची कल्पना मुलीची. म्हणजे तिनं ती कल्पना म्हणून मांडली नाही. ती शेजारून चालत होती आणि कंटाळा येऊन चिरका मोजत होती. मी मोकळ्या मैदानात गाडी अगदी माणसाच्या चालीनं चालवत होतो, कारण तोवर एवढं लक्षात आलं होतं की वेगात सगळे आवाज एकमेकांत कालवले जातात. हळू चालवलं की रातकिडा एकटा सापडतो. तिला म्हणालो, नुसतं मोजू नकोस, टायरवर खडूनं एक रेघ ओढ आणि एका फेऱ्यात किती वेळा वाजतं ते बघ.

"बाबा, एका फेऱ्यात दोनदा."

"नक्की?"

"तू सरळ जातोस तेव्हा नीट ऐकूच येत नाही. वळवलंस की दोनदा."

एका फेऱ्याला एकदा वाजलं असतं तर टायरमध्ये रुतलेला खडा, ड्रमवरचा उंचवटा, असलं काहीतरी मी शोधलं असतं. बेअरिंगचे रोलर मोजण्यात सापडतच नाहीत, ते सतत दळत राहतात. पण दोन? फेऱ्याला दोन म्हटलं की गाड्यांशी थोडाफार परिचय असलेल्या कुणाच्याही डोळ्यांपुढं एकच वस्तू येते. क्रॉस.

पुढचं चाक वळतंही आणि फिरतंही, म्हणून शाफ्टला चाकापाशी एक सांधा लागतो. आमच्या गाडीत तो साधा क्रॉस आहे, दोन काट्यांच्या मधे बसवलेला अधिकचिन्हासारखा तुकडा, चार टोकांना सुईएवढ्या बारीक रोलरांच्या टोप्या. युरोपात त्याला कार्डानचं नाव आहे, इंग्रजीत रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचं. हूकनं १६७६ मध्ये त्याचं वर्णन छापलं. या सांध्याचा स्वभाव मोठा मजेशीर. शाफ्ट सरळ असले तर तो काहीच करत नाही, नुसता बरोबर फिरतो. कोन पडला की प्रत्येक फेऱ्यात त्याची टोकं आपल्या टोप्यांमध्ये एकदा इकडे आणि एकदा तिकडे डोलतात. आणि दुसरीकडचा शाफ्ट एका वेगानं फिरत नाही. ३० अंशांच्या कोनात तो फेऱ्यात दोनदा सुमारे १३ टक्के मागे रेंगाळतो आणि दोनदा सुमारे १५ टक्के पुढे पळतो. हे रेंगाळणं-पळणं टाळण्यासाठी माणसांनी बरंच डोकं लढवलं. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फनाय यांचा त्राक्ता सांधा १९२६ चा, गोळ्यांवर चालणारा झेपाचा सांधाही त्याच दशकातला, आणि महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या चाकांना यांपैकी एकाहून अधिक जाती बसल्या. तरी नंतरच्या कितीतरी गाड्यांत पुन्हा साधा क्रॉसच आला. स्वस्त, दणकट, आणि फोर व्हील फक्त मातीवरच लावायचं असेल तर चाकाची ती किंचित लडखड मातीत जिरून जाते.

तर एका फेऱ्यात टोकं एकदा इकडे, एकदा तिकडे डोलतात. टोपी कोरडी पडली असेल तर दोन डोलांना दोन चिरका. सरळ जाताना कोन जवळजवळ नाही, म्हणून आवाज जेमतेम. वळताना कोन, म्हणून आवाज. सगळं इतकं चपखल बसलं की मी मैदानात गाडी थांबवून स्वतःशीच टाळी वाजवली. उजव्या चाकाचा क्रॉस कोरडा पडलाय!

टाळी वाजवल्यावर दोन मिनिटांनी उतरलो तर समोर हबची चकती. तिच्यावर 'फ्री'.

फ्री असताना शाफ्ट फिरत नाही. शाफ्ट फिरत नसेल तर क्रॉस डोलत नाही. जे फिरतच नाही ते वाजेल कसं? चाक हातानं फिरवून पाहिलं होतं तेव्हा शाफ्ट जागचा हलला नव्हता, हे मी स्वतः पाहिलेलं. हब सच्चा, दोरा सच्चा, मोजणी सच्ची, आणि तिन्ही मिळून अशक्य.

त्या गोंधळात मुलगी आणखी एक गोष्ट सांगत होती. "बाबा, उजवीकडे गोल फिरतोस ना, तेव्हा दहा फेऱ्यांना वीस नाही होत. तेवीस होतात. डावीकडे फिरलास तर कमी होतात."

"मोजायला चुकली असशील."

"नाही चुकले."

"बरं, बरं."

हे 'बरं, बरं' मला अजून खुपतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकं एकदम घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी तिवयांवर, घेतली. आधी का नाही घेतली? कारण आवाज उजवीकडे होता, मग डावं चाक उचलायचं कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. मी उजव्या चाकामागं पाठीवर झोपून, बॅटरीच्या उजेडात त्या क्रॉसकडे बघत होतो. आमच्या ॲक्सलचा सांधा उघडा आहे, बंद गोळ्यात नाही, त्यामुळे काटे स्पष्ट दिसतात. मुलगी पलीकडे डाव्या चाकाशी चाळा करत होती. तिनं ते चाक फिरवलं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर, नाकापासून वीतभर अंतरावर, उजवा शाफ्ट फिरला. चाक जागच्या जागी, शाफ्ट मात्र फिरतोय. उलटा.

"थांब! परत फिरव. पुढच्या दिशेनं फिरव."

तिनं पुढे फिरवलं, इकडचा शाफ्ट मागे. मागे फिरवलं तर इकडचा पुढे. तिला वाटलं मी काहीतरी जादू करतोय.

डिफरन्शलचा हिशेब गाड्यांच्या नादी लागलेल्या कुणालाही तोंडपाठ असतो, मलाही होता: दोन्ही शाफ्टच्या फेऱ्यांची बेरीज म्हणजे क्राऊनच्या फेऱ्यांची दुप्पट. क्राऊन जागेवर थांबलेला असेल तर बेरीज शून्य. एक पुढे पाच तर दुसरा मागे पाच. आता डावा हब चकतीवर फ्री दाखवतोय पण आतून जखडलेलाच आहे असं धरा. डावं चाक डावा शाफ्ट फिरवणार. क्राऊन, पिनियन, प्रॉपेलर, त्यांची बेअरिंगं, सील, घट्ट तेल हे सगळं ओढायला जड. उजवा शाफ्ट मात्र मोकळा, कारण उजवा हब खरोखरच फ्री आहे. जोर नेहमी हलक्या बाजूनं निसटतो. क्राऊन थांबून राहतो आणि उजवा शाफ्ट डाव्याच्या वेगानं उलटा फिरतो. म्हणून प्रॉपेलर स्थिर. म्हणून दोरा शाबूत. उजवं चाक मी कितीही फिरवलं तरी मुकाट, कारण त्याचा त्या शाफ्टशी संबंधच नव्हता. उजवा शाफ्ट फिरवणारं चाक डावीकडे होतं.

आणि ते तेवीस! उजवीकडे वळताना डावं चाक बाहेरच्या, मोठ्या वर्तुळावर असतं, त्याचे फेरे जास्त होतात. डावीकडे वळताना ते आतल्या वर्तुळावर, म्हणून कमी. उजव्या चाकावर खडूची रेघ ओढून मुलगी मोजत होती ती डाव्या चाकाचे फेरे. तेवीस हा आकडाच मला सांगत होता की वाजणारी वस्तू या चाकाला जोडलेली नाही. मी त्या आकड्याला 'बरं, बरं' म्हटलं होतं. ॲक्सलखाली झोपूनच तिला सांगितलं, की तू बरोबर होतीस. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं." त्यावर काय बोलणार?

डावा हब उघडण्यात विशेष काही नाही. बाहेरचं झाकण, चकती, सर्क्लिप. आतमध्ये दाते असलेलं एक कडं असतं, ते चकतीबरोबर आत-बाहेर सरकतं आणि शाफ्ट व हबला जोडतं किंवा सोडवतं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, त्यात कधीतरी शिरलेल्या पाण्याचा गंज. चकती फिरत होती, कडं जागचं हलत नव्हतं. रॉकेलमध्ये धुतलं, गंज घासून काढला, नवं ग्रीस बोटावर जेमतेम घेऊन लावलं. इथं ग्रीस भरभरून थापण्याचा मोह होतो, आणि हे कडं अडकण्याचं एक कारण तेच असतं.

चक्कर मारली. आवाज गायब.

हा क्षण धोक्याचा. आवाज गेला म्हणजे रोग गेला असं म्हणून मी हात धुतले असते, आणि पुढच्या वेळी चिखलात दोन्ही हब लॉक केल्यावर तोच कोरडा क्रॉस सगळा जोर घेऊन मोडला असता. वाजवणारा हात थांबला होता, वाजणारी वस्तू तशीच होती. म्हणून उजवा शाफ्ट बाहेर काढला. शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून टोप्या दाबून काढल्या तर आतून ग्रीसऐवजी विटकरी रंगाची भुकटी पडली. क्रॉसच्या टोकांवर सुयांचे ठसे होते, ओळीनं, एकाशेजारी एक, कंगव्याच्या दातांसारखे. हे ठसे फिरून पडत नाहीत, न फिरता पडतात. हब वर्षानुवर्षं फ्रीवर राहिले, शाफ्ट एकाच जागी थांबला, आणि प्रत्येक खड्ड्याच्या हादऱ्याला त्याच सुया त्याच जागी ठोकल्या गेल्या. मधलं ग्रीस बाजूला सरलं, उघड्या धातूला गंज चढला. ज्याला आराम पडावा म्हणून हब बसवले तो आरामानंच गेला. म्हणूनच जाणती माणसं सांगतात, की अधूनमधून हब लॉक करून, गाडी टू व्हीलमध्येच ठेवून, थोडे किलोमीटर चालवा. मी हा सल्ला अनेकदा ऐकला होता आणि अनेकांना दिलाही होता.

नवा क्रॉस बसवताना एक सुई आडवी पडली आणि टोपी अर्ध्यात अडली. हातोडी घेण्याआधी काढून पाहिलं हे नशीब. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, ज्यांनी क्रॉस बसवलाय त्यांना ती सुई ठाऊक आहे.

मिस्त्रींना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता हातातला पाना खाली ठेवला.

"म्हणजे डाव्या हबनं उजवा क्रॉस वाजवला?"

"हो."

"आणि दोरा तुटला नाही."

"नाही तुटला."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही मला घरघर सांगितलंत. चिरीक् म्हणाला असतात तर मी बेअरिंग कशाला म्हटलं असतं?" मग जरा थांबून, "पण डावा हब मीही उघडला नसता."

परवा पुन्हा पुढून आवाज यायला लागला. टक्. टक्. टक्. मी काच खाली करून वेग कमी केला. मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, एका फेऱ्याला एकदा." मी उतरलो, डाव्या पुढच्या टायरच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हरनं एक खडा उचकटून काढला आणि तिच्या हातात ठेवला.